रिटर्न भरून द्यायचं काम सुरू करताय? पाटी लावण्यापासून नोटीस येईपर्यंत

बी.कॉम. झालंय, एखाद्या सीएच्या ऑफिसात काही सीझन काढलेत, टॅली येतं, इन्कम टॅक्स पोर्टलचे खाचखळगे कळलेत आणि आता वाटतंय की तालुक्याच्या गावी एखादा गाळा घेऊन आपणच बसावं, अशांसाठी हे लिहितोय. मोठ्या फर्मवाल्यांना यातलं काही लागणार नाही. आपल्याकडे येणारी माणसं म्हणजे गुरुजी, पेन्शनर, किराणावाले, ट्रकवाले, एलआयसी एजंट, गावातले डॉक्टर, आणि हल्ली मोबाईलवर शेअर घेणारी पोरं. कायदा कुठेही वाचायला मिळतो, पण रोजचं काम अडतं ते ओटीपीवर, नावाच्या स्पेलिंगवर, उधारीवर आणि "बघा ना साहेब, काहीतरी बसवा" म्हणणाऱ्या माणसावर. म्हणून कामाच्याच क्रमाने सांगतो. आकडे आणि कलमं २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या रिटर्नची आहेत, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७. हे रिटर्न जुन्या १९६१च्या कायद्यानेच भरायचंय. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत आणि मागचं वर्ष-करनिर्धारण वर्ष ही जोडी जाऊन नुसतं 'कर वर्ष' आलंय, पण त्याचा हिशोब पुढच्या सीझनला. क्लायंट दोन्हीची खिचडी करून विचारणार हे मात्र नक्की.

पाटीवर काय लिहायचं

दुसऱ्याचा रिटर्न फॉर्म भरून द्यायला आपल्याकडे लायसन लागत नाही, हे आधी समजून घ्या. याचा फायदाही आहे आणि तोटाही, कारण शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही ते लागत नाही. पण क्लायंटच्या वतीने अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं असेल तर कलम २८८ मधला 'अधिकृत प्रतिनिधी' असावं लागतं. त्यात सीए, वकील तर आहेतच, शिवाय कॉमर्स किंवा लॉची मान्यताप्राप्त डिग्री असलेला माणूस इन्कम टॅक्स प्रॅक्टिशनर म्हणून बसतो. तुमची डिग्री बी.कॉम. असेल तर ही वाट उघडी आहे, बी.ए. झालेल्याला या कलमाने ती मिळत नाही.

पाटीवर 'कर सल्लागार' किंवा 'टॅक्स कन्सल्टंट' लिहा. गावात लोक तुम्हाला "सीए साहेब" म्हणायला लागतील, तिथल्या तिथे दुरुस्त करा, चांगलं वाटलं तरी. सीए नसताना सीए म्हणवून घेणं हा गुन्हा आहे, आणि टॅक्स ऑडिटचा रिपोर्ट फक्त सीएच देऊ शकतो. धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की ऑडिटचा प्रश्न येतो (रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर मर्यादा १० कोटी), त्यामुळे एका भल्या सीएशी पहिल्याच वर्षी ओळख करून ठेवा. ऑडिटचं काम त्याच्याकडे पाठवायचं, बारीकसारीक रिटर्न तो तुमच्याकडे पाठवतो, असं बऱ्याच गावात चालतं आणि नीट चालतं.

जीएसटीचं काम घ्यायचं असेल तर जीएसटी प्रॅक्टिशनरची वेगळी नोंदणी आहे, पीसीटी-०१ फॉर्म भरायचा, आणि नासिनची (अप्रत्यक्ष करांच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेची) परीक्षा पास व्हायची. ती होईपर्यंत जीएसटीचे क्लायंट घाईने घेऊ नका. जीएसटी म्हणजे दर महिन्याच्या तारखा, एकट्या माणसाचा जुलै, म्हणजे रिटर्नचा मुख्य महिना, त्यात बुडून जातो.

क्लायंट समोर बसला की

तो खिशातून पॅनकार्ड काढून टेबलावर ठेवेल आणि म्हणेल, "मागच्यासारखंच करून टाका." मागच्यासारखं काही करायचं नाही. एक छापील कागद ठेवा, त्यावर प्रश्न मराठीत. नोकरी एकच होती का वर्षात बदलली? एकूण बँक खाती किती, त्यातली बंद किती? एफडी, पोस्टाचं काही? शेअर, म्युच्युअल फंड विकलं का? जमीन, प्लॉट, घर विकलं का? भाडं येतं का? शेतीचं उत्पन्न किती? परदेशात मुलगा-मुलगी असेल तर तिथे याच्या नावावर खातं आहे का? शेवटी खाली "वरील माहिती मी दिली, खरी आहे" आणि सही. सही घेताना लोक जरा चमकतात, पण रिटर्नमधलं प्रत्येक वाक्य हे त्याचं म्हणणं असतं, आपण फक्त ते लिहितोय, आणि ही गोष्ट त्याला आणि आपल्याला दोघांनाही पहिल्या दिवशीच कळलेली बरी.

मग पॅन-आधार लिंक आहे का बघा. नसेल तर पॅन निष्क्रिय, १००० रुपये भरून लिंक करावं लागतं आणि तोवर रिफंड अडकतो. इथे आपल्याकडचा नेहमीचा घोळ म्हणजे नावांचा. पॅनवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचं नाव कुठे आहे कुठे नाही, आणि बायकांचं तर पॅन माहेरच्या नावाचं, बँक खातं सासरच्या नावाचं, आधार नुकतंच बदललेलं. अशा केसला जुलैत हात घालून उपयोग नाही, मे महिन्यातच सांगा की ताई आधी पॅनवर नाव बदलून घ्या, नाहीतर रिफंडचं खातं व्हॅलिडेट होणार नाही आणि रिफंड फेल झाला की तुम्ही मला फोन करणार.

आता पोर्टलवरचा मोबाईल आणि ईमेल. इथे कुणाचंही ऐकू नका. रजिस्ट्रेशनला क्लायंटचाच मोबाईल टाका आणि त्याचाच ईमेल. नसेल तर त्याच्या फोनमध्ये त्याच्यासमोर काढून द्या, पासवर्ड त्याच्या डायरीत त्याच्या हाताने लिहायला लावा. सोयीसाठी सगळ्यांना आपलाच ईमेल टाकायची सवय या धंद्यात फार जुनी आहे, आणि तिथूनच पुढचे निम्मे घोटाळे सुरू होतात. माणूस दुसरीकडे गेला, तुमचा तो ईमेल बंद पडला, नोटीस आली ती कुणी वाचलीच नाही, थेट डिमांड (खात्याची कराची मागणी) पक्की झाल्यावर बँकेत कळतं. पासवर्ड तुमच्याकडेही ठेवायचा असेल तर त्याला सांगून ठेवा आणि वहीत उघडा लिहू नका, ज्या वहीवर चहाचे डाग असतात ती वही कोणीही चाळतं.

आधी एआयएस, मग फॉर्म १६

नवीन माणूस फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला) उघडतो, आकडे टाकतो, संपलं म्हणतो. उलटं करा. पोर्टलवरून एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांची खात्याकडची यादी), टीआयएस (तिचा गोषवारा) आणि २६एएस (कापलेल्या कराची नोंद) तिन्ही काढा. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, हे पोरांना दहादा विचारावं लागतं म्हणून सांगून टाकलं. त्यात काय काय दिसतं बघा, बचत खात्याचं व्याज, एफडीचं व्याज, डिव्हिडंड, विकलेले शेअर आणि फंड, जमिनीचा व्यवहार, बचत खात्यात वर्षात १० लाखांवर भरलेली रोकड, जीएसटीवाल्याची उलाढाल. "माझं दुसरं काहीच नाही" म्हणणाऱ्या गुरुजींच्या एआयएसमध्ये पतसंस्था सोडून दोन बँकांच्या एफड्या निघतात. गुरुजी खोटं बोलत नसतात, "टीडीएस कापलाय की, मग झाला ना टॅक्स" अशी त्यांची समजूत असते. बँकेने व्याजातून १० टक्के कर आधीच कापला (तोच टीडीएस) म्हणजे विषय संपला नाही हे त्यांना समजावणं हे आपलं कामच आहे.

आणि एआयएस म्हणजे वेदवाक्य पण नाही. जॉइंट खात्याचं व्याज पहिल्या नावावर पूर्ण दिसतं, एकच रक्कम दोनदा येते, फंड विकल्याची किंमत दिसते पण खरेदीचा आकडा नसतो किंवा चुकीचा असतो. तिथे फीडबॅकची सोय आहे ती वापरा, ब्रोकरकडून कॅपिटल गेनचं स्टेटमेंट मागवा, बँकेचं व्याज सर्टिफिकेट मागा. कागद हातात येईपर्यंत रिटर्न भरायचं नाही.

फॉर्म १६ बद्दल एवढंच की पार्ट ए ट्रेसेसवरून (टीडीएसच्या सरकारी वेबसाइटवरून) निघालेला हवा, ऑफिसातल्या क्लार्कने एक्सेलमध्ये करून दिलेला नको. मालकाने टीडीएस कापला पण भरलाच नाही किंवा चुकीच्या पॅनवर भरला अशा केस येतात, २६एएस शी ताळा केला की लगेच कळतं. शाळा, पंचायत समिती वगैरे ठिकाणी तिमाही टीडीएस रिटर्न उशिरा भरलं जातं, त्यामुळे जूनच्या मध्यात क्रेडिट दिसलं नाही तर घाबरून भरून टाकू नका, ऑफिसला पत्र द्या आणि थोडं थांबा.

शिक्षक आणि सरकारी नोकरांमध्ये थकबाकीचा विषय हमखास निघतो. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगाची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायचं ठरलं होतं, शिवाय कुणाची वरिष्ठ वेतनश्रेणी उशिरा मंजूर होते आणि एकदम रक्कम हातात पडते. अशा वेळी कलम ८९ची सवलत मिळते, पण त्याआधी पोर्टलवर फॉर्म १०ई भरावा लागतो, रिटर्नच्या आधी. फॉर्म १६ मध्ये सवलत दाखवलीय म्हणून नुसती रिटर्नमध्ये टाकली आणि १०ई विसरलं, की सीपीसी (रिटर्न तपासणारं खात्याचं केंद्र) ती सरळ काढून टाकते आणि डिमांड येते. आणखी एक, गुरुजी वारले आणि बाईंना फॅमिली पेन्शन चालू झाली तर ते उत्पन्न पगार नाही, 'इतर स्रोत' मध्ये जातं, तिथे स्टँडर्ड डिडक्शन नाही, एक तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत २५,००० (जुनीत १५,०००) यातलं जे कमी ते वजा होतं.

फॉर्म कुठला

सगळे आयटीआर-१ च्या मागे असतात कारण तो सोपा. पण आपल्याकडे शेती आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ आणि आयटीआर-४ दोन्ही बाद. ज्या गुरुजींना कारखान्याचं ऊसबिल येतं त्यांचा फॉर्म आयटीआर-२. आणि उत्पन्न मर्यादेवर असेल तर शेतीचा आकडा स्लॅब ठरवण्यापुरता धरला जातो, म्हणून "शेती दाखवूच नका" किंवा उलट "सगळं शेतीत टाका" दोन्ही नाही म्हणायचं. सातबारा, ऊसबिल, आडत्याच्या पट्ट्या, एवढं फाईलला लावा. एकरभर कोरडवाहूवर आठ लाखांची शेती दाखवायला लावणारे लोक येतात, त्यांना कुठलं पीक घेतलं हे विचारा, गप्प होतात.

छोट्या धंद्याला ४४एडी, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरायचं कलम, उलाढाल २ कोटींपर्यंत (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी) आणि नफा ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के. हा किमान आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा असतो, हे सोयीने विसरलं जातं. इथला मोठा सापळा म्हणजे एलआयसी एजंट आणि दलाल. कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडी चालत नाही, त्यांचा आयटीआर-३. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांना ४४एडीए, ५० टक्के नफा. ट्रकवाल्यांना ४४एई, दहापर्यंत गाड्या, हलक्या गाडीला महिन्याला ७,५०० आणि १२ टनांवरच्या गाडीला टनामागे महिन्याला १,०००, पण ते मालवाहतुकीलाच, शाळेची व्हॅन त्यात घालू नका. फ्युचर-ऑप्शन करणारी पोरं "लॉसच झालाय, दाखवायचं कशाला" म्हणतात, तो धंदा धरला जातो, आयटीआर-३, आणि तोटा मुदतीत दाखवला तरच पुढे ओढता येतो.

जमीन विक्री आली की पहिल्या वर्षी सीएकडे पाठवा. पालिकेपासूनचं अंतर, त्या गावची लोकसंख्या, रेडी रेकनरची किंमत, वडिलोपार्जित असेल तर २००१ ची किंमत, भावाभावांतले हिस्से, एका चुकीला लाखांचा फरक पडतो.

जुनी की नवी

नवी पद्धत (कमी दर, पण बहुतेक वजावटी नाहीत) आता आपोआप लागू असते. जुनी हवी असेल तर निवडावी लागते आणि ती मुदतीतच, उशिरा भरलेल्या रिटर्नला जुनी पद्धत मिळत नाही. धंदा किंवा व्यवसाय असलेल्याला त्यासाठी फॉर्म १०-आयईए आधी भरायचा. दोन्ही पद्धतीने कॉम्प्युटेशन काढून क्लायंटला दाखवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, त्याचा होकार मेसेजमध्ये घ्या. ऑगस्टमध्ये मेव्हण्याने सांगितलं म्हणून तो येणारच आहे भांडायला.

या वर्षी सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही ना, मग रिटर्न कशाला?" उत्तर असं की करमुक्त मर्यादा नव्या पद्धतीत ४ लाख आहे, त्यापुढे टॅक्स लागतो आणि १२ लाखांपर्यंत तो ८७ए च्या रिबेटने माफ होतो, आणि रिबेट मागायचा तर रिटर्न भरायला हवं. पगारदाराला वर ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन, म्हणून १२.७५ लाख म्हणतात. पण शेअर विकून झालेल्या नफ्याला हा रिबेट नाही. समजा मुलाचा पगार ९ लाख, आणि वर्षभरात शेअरच्या उलाढालीत ८०,००० शॉर्ट टर्म नफा. पगारावरचा टॅक्स माफ, पण ८०,००० वर २० टक्के आणि सेस धरून १६,६४० रुपये भरावे लागतात. तो मुलगा तुमच्याकडे संशयाने बघेल. त्याला सेक्शन दाखवत बसू नका, पोर्टलवरचं कॅल्क्युलेशन त्याच्यासमोरच उघडा.

"काहीतरी बसवा"

खरा कस इथे लागतो. समोरचा म्हणतो की त्या अमक्याने माझ्या मित्राला ४० हजार रिफंड काढून दिला, तुम्ही म्हणता ३ हजार. तो अमका काय करतो हे गावाला माहीत असतं, घरभाडं नसताना एचआरए (घरभाडे भत्त्याची सूट), न दिलेली राजकीय पक्षाची देणगी ८०जीजीसी मध्ये, आजार नसताना ८०डीडीबीची उपचारखर्चाची वजावट, आणि रिफंडमधून टक्केवारी.

१४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर १५० ठिकाणी पडताळणीची कारवाई केली ती असल्या रिटर्न भरून देणाऱ्यांवर आणि मध्यस्थांवरच, आणि संशयास्पद दावे जिथे जास्त दिसले त्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव होतं. खात्याच्याच पत्रकात म्हटलं होतं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. मोठ्या प्रमाणात रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल काढायचे आणि सोडून द्यायचे, म्हणून नोटिसा न वाचलेल्या राहतात, हेही त्यात होतं. वर ईमेलचं एवढं का ताणलं ते आता कळलं असेल.

खोटा दावा पकडला की टॅक्स आणि व्याज तर आहेच, चुकीची माहिती दिल्याचा दंड टॅक्सच्या २०० टक्के. ४० हजार घेतलेल्याला १ लाख २० हजार आणि वर व्याज, आणि तेव्हा तो "मला काय कळतं, सगळं त्यांनी भरलं" असंच म्हणणार. म्हणून नाही म्हणायची एक ठरलेली पद्धत ठेवा. मी तर वाद घालत नाही, पावती मागतो. आता फॉर्ममध्येच पॉलिसी नंबर, विमा कंपनी, कर्ज देणारी बँक असले तपशील मागतात, एचआरएला वर्षाचं भाडं १ लाखावर गेलं तर घरमालकाचं पॅन. "पावती आणा, लगेच टाकतो" म्हटलं की वाईटपणा पावतीकडे जातो. काही क्लायंट परत येत नाहीत, जाऊ द्या. फी रिफंडच्या टक्केवारीत कधीच ठरवू नका, एकदा टक्केवारी घेतली की रिफंड वाढवण्यात तुमचाही स्वार्थ झाला.

याचा दुसरा प्रकार म्हणजे लोनवाला. बँकेने तीन वर्षांचे रिटर्न मागितलेत, एकदम भरून द्या, आणि उत्पन्न जरा चढतं दाखवा. मागच्या वर्षांचं आता फक्त अपडेटेड रिटर्न भरता येतं, करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत, त्यावर टॅक्स आणि व्याजाच्या २५ पासून ७० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम भरावी लागते आणि त्यातून रिफंड मागता येत नाही. शिवाय एकाच आठवड्यात भरलेली तीन रिटर्न बँकेच्या माणसालाही दिसतात. त्याला सरळ सांगा की यावर्षीपासून नीट भरू आणि घर पुढच्याच्या पुढच्या वर्षी घे, ऐकत नाही पण सांगा.

ओटीपी आणि पोचपावती

रिटर्न सबमिट केलं म्हणजे काम झालं नाही. ३० दिवसांत ई-व्हेरिफाय व्हायला हवं, त्यापुढे गेलं तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात, आणि मुदत उलटली असेल तर ५,००० लेट फी (उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००). आणि ओटीपीच्या वेळी क्लायंट कुठे असतो? रानात, जिथे रेंज नाही. वारीत. किंवा विटा-आटपाडीकडचा गलाई व्यावसायिक (सोनं-चांदी गाळणारा) असेल तर देशाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात दुकानावर, आणि आधारला लिंक असलेला नंबर गावाकडे वडिलांच्या फोनमध्ये. म्हणून समोर बसलेला असतानाच सगळं उरकायची सवय लावा, फाईल तयार झाली की वेळ देऊन बोलवायचं. बाहेरगावच्याला आधीच विचारा की नेट बँकिंग आहे का, त्यातूनही व्हेरिफाय होतं. आधारला मोबाईलच नसेल तर आधी आधार केंद्रात पाठवा. तेही जमलं नाही तर आयटीआर-व्हीवर सही घेऊन बंगळुरूला सीपीसीकडे पाठवायचा मार्ग अजून आहे, स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा.

शेवटच्या दिवसावर काम ठेवू नका हे सगळेच सांगतात, ऐकत कोणी नाही. २०२५ मध्ये ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर झाली, आणि ती १५ तारीख संपता संपता आणखी एक दिवस वाढून १६ झाली, तेव्हापासून क्लायंट ठामपणे म्हणतात की तारीख वाढतेच. तुमची स्वतःची तारीख लावा, दारावर कागद चिकटवा की अमुक तारखेनंतर कागद आणले तर फी दीडपट. कोणत्या फॉर्मला यंदा कुठली मुदत आहे ती सीझन सुरू होताना पोर्टलवरून बघून त्याच कागदावर लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजवरून नको.

नोटीस आली की

क्लायंट फोनवर "नोटीस आली" म्हणतो तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा ती १४३(१) ची इंटिमेशन असते, म्हणजे नुसता हिशोब जुळल्याचा कागद. तरी पीडीएफ उघडून दोन्ही रकाने ताडून बघा, फरक असेल तर टीडीएस, १०ई किंवा वजावट यातलंच काहीतरी असतं. १३९(९) म्हणजे रिटर्न डिफेक्टिव्ह, १५ दिवसांत दुरुस्ती, फॉर्म चुकला की हे येतं. सीपीसीने दुरुस्ती सुचवली असेल तर उत्तराला ३० दिवस. 'सहमत' वर घाईने क्लिक करू नका, एकदा मान्य केलं की मागे फिरायला फार त्रास. आणि १४३(२) (सखोल तपासणी) किंवा १४८ (जुनं प्रकरण पुन्हा उघडणं) दिसलं तर त्याच दिवशी सीए किंवा जाणत्या वकिलाकडे जा, तिथे प्रयोग नाहीत.

आपलीच एखादी फाईल आहे म्हणून नोटिशीचं उत्तर फुकट द्यावं लागतं अशी लोकांची अपेक्षा असते. तुमच्या टायपिंगमुळे आली असेल तर फुकट, क्लायंटने एफडी लपवल्यामुळे आली असेल तर फी. हे पहिल्या कागदावर छापून ठेवलं की नंतर तोंड वाईट होत नाही.

फी आणि उधारी

फी आधी सांगा, आकडा भिंतीवर लावा, पगारदार एक, धंदा एक, शेअरवाला एक. शेजारचा दोनशेत भरतो म्हणून दोनशेत उतरू नका, दोनशेत एआयएस बघायला वेळच मिळत नाही आणि मग तुम्हीही तेच करणार जे तो करतो. "रिफंड आला की देतो" ही उधारी घेऊ नका, रिफंड त्याच्या खात्यात येतो, तुम्हाला कळतही नाही. पोचपावती देताना पैसे, यूपीआयचा कोड टेबलावर. नातेवाईक, सोसायटीचा चेअरमन, ज्याचा गाळा आहे तो मालक, यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, मी मालकाचं फुकट करतो.

स्वतःचं

दुसऱ्यांच्या तारखा सांभाळताना स्वतःचं राहून जातं. शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन इंटिमेशन करा. प्रोफेशन टॅक्सचं पीटीईसी (नावनोंदणीचं प्रमाणपत्र) काढा, वर्षाला २,५००, ३० जूनच्या आत, आणि ते राज्याच्या जीएसटी खात्याकडे भरायचं असतं. ज्या व्यवसायांना ४४एडीए चालतं त्या यादीत अकाउंटन्सी आणि अधिकृत प्रतिनिधी दोन्ही आहेत, म्हणजे तुमच्या जमेच्या ५० टक्के तरी नफा दाखवायचा, आणि जमा तर यूपीआयने आलीय म्हणजे सगळी बँकेत दिसतेय. सेवा २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी. अ‍ॅडव्हान्स टॅक्स १०,००० च्या वर जात असेल तर ४४एडीए वाल्याला चार हप्ते नाहीत, सगळा १५ मार्चच्या आत भरायचा, तेव्हा सीझनमध्ये आलेल्या पैशातला थोडा वेगळ्या खात्यात काढून ठेवा, मार्चमध्ये आपल्या धंद्यात कुणी फिरकत नाही.